पाठ टेकण्याआधी

"डॉक्टर, माझ्या दाढेचं एवढं वाईट झालंय का हो?" निवृत्त टपालवाल्या आजोबांनी खुर्चीतून उठता उठता विचारलं, तेव्हा ती हातमोजे काढत होती. ती म्हणाली, "छे हो, साधी कीड. भरून टाकली. आता बिनधास्त खा." आजोबांचा चेहरा काही सैल झाला नाही. "मग तुम्ही एवढ्या का कण्हत होता?" ती हसली. स्वतःच कण्हत असतील आणि वाटलं असेल डॉक्टर कण्हतेय, असं काहीतरी तिच्या मनात आलं. "मी?" "मग काय मी? माझ्या तोंडात तुमचे दोन्ही हात. अर्धा तास नुसतं ऊं, ऊं. मला वाटलं आत काय भयंकर दिसलं हिला. विचारणार तरी कसं?" त्यांनी टोपी घातली, गालावर हात फिरवला आणि काळजी घ्या म्हणून निघून गेले. आजवर या खोलीतून जाताना कुणी तिला काळजी घ्या म्हटलं नव्हतं. ताई हत्यारं धुवत होती. दवाखान्यात दुसरं माणूस तेवढंच, तिच्याहून चार वर्षांनी मोठी, अठरा वर्षं तिच्या हातात हत्यारं देणारी मदतनीस. "ताई, खरंच कण्हत होते मी?" ताईनं नळ बंद केला नाही. "रोजच कण्हता. वरची दाढ असली की जरा जास्त." "आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?" "त्यात काय बोलायचं? आमच्या घरातला पंखाही आवाज करतो. सवय होते माणसाला."

चोवीस वर्षं ती दुसऱ्यांचं कण्हणं ऐकत आली होती. भीतीचं वेगळं, कळ आल्याचं वेगळं, आणि बाहेर बसलेल्या बायकोला ऐकू जावं म्हणून काढलेलं वेगळं. डोळे मिटून सांगितलं असतं तिनं कुठलं कोणतं ते. आणि स्वतःच्या घशातून निघणारा आवाज मात्र तिला ठाऊक नव्हता! दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान, झालं. बरं, हे कण्हणं पोटात पाठदुखीच्या दोन गोळ्या असताना. सकाळी एक, दुपारी एक, शेजारी कुणाकडे समारंभ असला तर वर आणखी एक. दाताच्या डॉक्टरच्या खणात दुखण्यावरच्या गोळ्यांना काय तोटा? कंपन्यांची माणसं येतात, हसतात, ठेवून जातात. सहा वर्षं ती त्या खणातून मूठ मूठ उचलत होती आणि हिशेब विचारणारं कुणी नव्हतं, कारण विचारणारी तीच. दुसऱ्या दिवशी ती मुकाट्यानं घरच्या डॉक्टरांकडे गेली. म्हाताऱ्यानं रक्त तपासून घेतलं आणि कागद तिच्याकडे सरकवला. "मूत्रपिंडं कुरकुर करायला लागलीत, बाई. अजून वेळ गेलेली नाही. पण या गोळ्या आजपासून बंद." "मग दुखण्याचं काय करू?" "दुखण्याला कामाला लावा," ते म्हणाले, आणि एका व्यायामवालीचा पत्ता लिहून दिला.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं नकाशाची सुरळी कोपऱ्यात उभी केली. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो नळांचे नकाशे काढतो. जमिनीखाली काय कुठून जातं ते त्याला पाठ असतं, त्यामुळे घरातही प्रत्येक गोष्ट आधीच आखून ठेवायची त्याला खोड. हातातली पिशवी तो तिच्या नकळत काढून घेतो. बादली ती उचलायच्या आत उचललेली असते. फरशीवर पेन पडलं तरी खाली वाकतो तो. "एक जोडपं आहे," तो म्हणाला. "दोघंही दातांचे डॉक्टर, तरुण, जागा शोधतायत. तुझा दवाखाना जसाच्या तसा घ्यायला तयार आहेत. महिनाअखेरीस कळवतो म्हणालोय." "कुणाला विचारून?" "तुझ्या पाठीला विचारून," तो म्हणाला, आणि ते इतक्या मायेनं म्हणाला की भांडायचीही सोय राहिली नाही. ती एक्कावन्न वर्षांची होती. बाबांनी अंथरूण धरलं तेव्हा तेही एक्कावन्नचेच होते. तो आकडा तिनं मनात पुन्हा उच्चारला.

बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. दिवसभर उभे, पुढे वाकून. एके दिवशी कंबरेत उसण भरली, घरी आणलं, आणि त्या काळच्या डॉक्टरांनी गादीखाली फळी घालायला सांगितली. हलायचं नाही, वाकायचं नाही, उठायचं नाही. सहा आठवडे म्हणाले होते. सहा आठवड्यांची वीस वर्षं झाली. बाबांच्या उशाशी एक पितळी घंटा असायची. घंटा वाजली की आई पाणी घेऊन धावायची, आई नसली की ती. सगळं घर चवड्यांवर चालायचं. मोठ्यानं हसलं की आई डोळे वटारायची, जणू हसण्यानंही बाबांचा मणका सरकेल. आणि बाबा इतके गोड, इतके शहाणे रोगी होते की आल्यागेल्याला सांगत, माझी मुलगी म्हणजे माझे पाय आहेत. केवढा अभिमान वाटायचा तिला. पुढे डॉक्टर व्हायचं ठरवलं तेही त्याच अभिमानाच्या भरात. आणि आता तिचेही पाय व्हायला एक माणूस टपून बसला होता, तिच्याच घरात, तिच्यावर जीव टाकणारा. महिनाअखेरीस तिनं हो म्हटलं की दवाखाना जाईल, मग जिना जाईल, मग कोपऱ्यावरचं दुकान जाईल. हा रस्ता तिनं पाहिलेला होता. नकाशा काढायची गरज नव्हती.

व्यायामवाली म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीसची पोरगी, पायात धावायचे बूट, बोलणं गाडी सुटल्यासारखं. तिनं पाठीच्या एक्स-रेचं मोठं पाकीट उघडलंसुद्धा नाही. "बघते, बघते. पण आधी हे ऐका. रस्त्यावरची चाळिशीपुढची दहा माणसं पकडा आणि फोटो काढा, निम्म्यांच्या फोटोत असलं काहीतरी झिजलेलं निघेल. त्यातली काही आज संध्याकाळी नाचायलाही जाणार असतील. दुखतंय म्हणजे मोडतंयच, असं नसतं." तिला राग आला. चांगल्याच मिरच्या झोंबल्या नाकाला. दुखणं म्हणजे काय हे ही कालची पोर आपल्याला शिकवणार? तिचा सगळा धंदाच दुखणं खरं बोलतं या भरवशावर उभा होता. दात दुखतो तेव्हा आत काहीतरी असतं. उघडा, शोधा, काढा, दुखणं गेलं. "दात उघडता येतो तुम्हाला," व्यायामवाली म्हणाली, "पाठ उघडायची नाहीये. वापरायची आहे. सहा वर्षांत तुमच्या पाठीला ओरडायची सवय लागलीय. ती खोटं बोलत नाही, पण फार लवकर ओरडते. तिला हळूहळू पटवून द्यायचं, की बाई, काही होत नाहीये." मग कागदावर उतरवून दिलं: रोज दोन वेळा दहा मिनिटं चालायचं, दर दोन दिवसांनी एक मिनिट वाढवायचं. पाठीवर झोपून गुडघे मोडून कंबर उचलायची. गरम पाण्याची पिशवी घेतली तर हरकत नाही, पण ती घेऊन पडून राहायचं नाही. रिकामी पिशवी उचलायची, मग एक पुस्तक घालून, मग दोन. "आणि सगळ्यात महत्त्वाचं. बरं वाटलं म्हणून जास्त करायचं नाही, वाईट वाटलं म्हणून कमी करायचं नाही. ठरलं तेवढंच." मग म्हणाली, "आता कामाला कशा बसता ते दाखवा." तिनं स्टूल ओढलं, व्यायामवालीला खाटेवर आडवं केलं आणि नेहमीसारखी बसली. पोरगी पडल्या पडल्याच खो खो हसायला लागली. "अहो, तुम्ही पेशंटच्या तोंडात राहायला निघालात की! मला वाटायचं, वरच्या दाढा आरशात बघतात."

बघतात. सगळे बघतात. कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात ते: पेशंटच्या डोक्यामागे ताठ बसायचं, डाव्या हातात छोटा आरसा, आणि वरच्या दाढेवर त्या आरशात बघून काम करायचं. पण आरशात हात पुढे नेला की मागे जाताना दिसतो. तिला ते खोटं वाटायचं. समोर धडधडीत दाढ आहे ना, मग तिचं प्रतिबिंब कशाला बघा? हातच्या कांकणाला आरसा कशाला? म्हणून ती वाकायची, मान पिळून, उजव्या कुशीवर कलंडून, थेट बघायची. मास्तर मागून येऊन कोपरावर पट्टी मारायचे, "आरशात बघ, पोरी, पन्नाशीत रडशील." ती तेवढ्यापुरती ताठ व्हायची. परीक्षेत परीक्षकाची पाठ वळायची वाट पाहिली, पटकन वाकली, दाढ पुरी केली आणि वर्गात पहिली आली. त्या लबाडीवर चोवीस वर्षं निघाली होती. हजारो वरच्या दाढा, प्रत्येकीच्या वेळी कणा त्याच बाजूला पिळलेला, आणि दर वेळी मनात एक छोटंसं कौतुक की आपली नजर किती थेट. घरी जाताना रस्त्यात तिला स्वतःचीच एवढी लाज वाटली की दहाऐवजी पंधरा मिनिटं चालली, आणि मग आठवलं की ठरलं तेवढंच चालायचं होतं.

तिनं निश्चय केला. मोठा आवाज करून नाही. घरात कुणाला सांगितलंही नाही. दवाखान्यातून प्लॅस्टरची एक वरची कवळी आणली, जेवणाच्या टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीनं बसवली, खुर्ची ओढून ताठ बसली, एका हातात आरसा, दुसऱ्यात पेन्सिल. शेवटच्या दाढेवर एक टिंब काढायचं, एवढंच. पेन्सिल गालाच्या बाजूला गेली. पुन्हा. जिभेच्या बाजूला गेली. हात पुढे म्हटलं की मागे, मागे म्हटलं की आणखी मागे. पन्नाशी उलटलेली, चांगलं नाव कमावलेली बाई, आणि साधं टिंब काढता येईना! नवरा पाणी प्यायला आला आणि टेबलाखाली वाकून बघू लागला. "काय चाललंय?" "अक्षरं गिरवतेय." "टेबलाला दात फुटलेत." "तुझ्या टेबलाला तरी फुटले, मला अक्कलदाढ आत्ता येतेय." तो हसला आणि सवयीनं तिच्या पाठीमागे उशी सारायला गेला. तिनं उशी काढून त्याच्या हातात दिली. आठव्या दिवशी टिंब टिंबाच्या जागी पडलं. दहाव्या दिवशी तिनं दाढेवर रेघ मारली, आणि रेघ सरळ आली.

दुखणं मात्र होतंच. गोळ्या थांबल्यावर ते जणू सगळ्या खोल्यांत फिरायला मोकळं झालं. सकाळी मोजे घालताना कळ, शिंकताना कळ, कूस बदलताना तर ब्रह्मांड आठवायचं. गुडघाही मागे राहिला नाही, मला विसरलात का म्हणून तोही ठणकायला लागला. एका दुपारी, दोन पेशंटांच्या मधल्या पाच मिनिटांत, तिनं खण उघडला. गोळ्यांच्या चंदेरी पट्ट्या व्यवस्थित बसल्या होत्या. एक घेतली तर कुणाला कळणार होतं? ती पट्टी हातात धरून उभी राहिली. तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं. मग तिनं अख्खा खण बाहेर ओढला आणि ताईपुढे ठेवला. "हे सगळं औषधाच्या दुकानात देऊन या." "सगळं?" "आणि काम चालू असताना वीस वीस मिनिटांचा गजर लावत जा. वाजला की मी उठणार, पेशंटच्या तोंडात काहीही असो." "आणि पेशंट?" "तोही तोंड मिटेल. त्याचाही जबडा आहेच की." ताईनं खण उचलला, दाराशी थांबली आणि म्हणाली, "कण्हणं कमी झालंय बरं का. नाही म्हणजे, मला चुकल्याचुकल्यासारखं होतंय."

पंधराव्या दिवशी सकाळी उठली तर पाठ गप्प. अगदी गप्प. इतकं हलकं वाटलं की तिला गाणं म्हणावंसं वाटलं. ठरलं तेवढंच, हे तिला पाठ होतं, पण पालथ्या घड्यावर पाणी. तिनं दवाखान्यातलं साचे ठेवायचं कपाट रिकामं केलं, सहा वर्षांची धूळ पुसली, वरच्या फळीपर्यंत हात घातला, खोकी उचलली, वरून खाली, खालून वर. ताई नको नको म्हणत होती. दुसऱ्या दिवशी तिला अंथरुणातून मान उचलता येईना. नवरा कचेरीत गेला नाही. त्यानं चहा अंथरुणात आणला, गुडघ्यांखाली उशी ठेवली, पडदा सारला, फोन लांब नेऊन ठेवला. "पडून राहा. काही काही करायचं नाहीये तुला आता," तो म्हणाला, आणि काय सांगावं, किती बरं वाटलं! खोलीत मंद उजेड होता. पलीकडे तो चवड्यांवर चालत होता. भांड्यांचा आवाजही तो दाबून करत होता. ती छताकडे बघत पडली. जोडप्याला हो म्हणून कळवलं तर असे किती दिवस, एकामागून एक, कुणी काही मागणार नाही, कुणाच्या तोंडात वाकायला नको. बाबांनाही हे छत असंच दिसलं असेल, असं वाटलं, आणि त्या वाटण्याबरोबर एक दुपार वर आली. ती दुपार तिनं आयुष्यभर फार वेगळ्या कप्प्यात ठेवली होती.

ती चौदा वर्षांची असताना, बाबांना पडून तीन वर्षं झाली होती. शाळेतून आली, दार उघडं, आई शेजारी गेलेली. आणि बाबा जिन्यात. चार पायऱ्या उतरलेले. अंगात बाहेर जायचा सदरा, सगळी बटणं लावलेली, पायात बूट. एक हात कठड्यावर, घामानं निथळत होते, आणि पाचव्या पायरीवर पाय टाकायच्या बेतात होते. ती खालून किंचाळली, "बाबा! पडाल!" अशी किंचाळली की सगळ्या मजल्यांची दारं उघडली. माणसं धावली, आई धावत आली, चौघांनी बाबांना उचलून वर नेलं, फळीवर ठेवलं. आईनं त्यांच्या पायातले बूट काढले. पुढे कित्येक दिवस आई सगळ्यांना सांगायची, पोरीनं वाचवलं, ही वेळेवर आली म्हणून, नाहीतर काय झालं असतं. बाबांनी त्यानंतर पुन्हा कधी बूट मागितले नाहीत. सदतीस वर्षं ती दुपार तिनं स्वतःच्या पुण्याच्या बाजूला मांडली होती. आणि आता, पाठीवर पडल्या पडल्या, तिला त्या जिन्यातला बाबांचा चेहरा दिसला, ती किंचाळायच्या आधीचा. त्यावर कळ होती, असं तिला नेहमी आठवायचं. कळ होतीच. पण बाबा हसत होते. चोरून खाऊ खाताना एखादं पोर हसतं तसे, स्वतःशीच, बेहद्द खूश. चार पायऱ्या उतरले होते ते, कुणाला न विचारता. ती तोंडावर पांघरूण ओढून रडली. आपण वाचवलं नव्हतं. आपण हाक मारली होती, एवढंच केलं होतं, आणि तेवढं पुरेसं झालं होतं. किती प्रेम होतं त्या हाकेत! जीव तुटून मारली होती ती. मग तिनं कुशीवर वळून, हातावर भार देऊन, व्यायामवालीनं शिकवलं होतं तसं पाय आधी खाली सोडले आणि उठून बसली. बसल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले. नवरा दारात आला. "अगं, कुठे निघालीस?" "चालायला. आज सतरा मिनिटं आहेत." "या अवस्थेत?" "याच." ती भिंत धरून सतरा मिनिटं चालली, खोलीतल्या खोलीत, दारापासून खिडकीपर्यंत, दात ओठ खाऊन. तो कडेला उभा राहून घड्याळ बघत होता आणि त्याला काय करावं कळत नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी एक गवंडी आला, धिप्पाड माणूस, पण तोंड उघडलं की दोन बोटं जेमतेम शिरतील. वरची डावी शेवटची दाढ, आणि मुळापर्यंत काम. असली दाढ म्हणजे पूर्वी तिच्या कंबरेचा सत्यानाश. खुर्ची पूर्ण आडवी केली, त्याच्या डोक्यामागे ताठ बसली आणि आरसा आत नेला. एकदा, फक्त एकदा, सगळं सोडून खाली वाकावं आणि थेट बघावं असं इतकं अनावर झालं की तिनं डोळे मिटले. उघडले. आरशातल्या दाढेत काळं छिद्र दिसत होतं. तिनं हात उलटा नेला, तो सुलटा गेला. वीस मिनिटांनी गजर वाजला, ती उठली, गवंड्यानं तोंड मिटलं, दोघांनी एकमेकांकडे पाहत मान इकडेतिकडे फिरवली. "तुमचीपण पाठ?" तो म्हणाला. "तुमची?" "विटा कुणी उचलल्या मग?" पुन्हा बसली. पुन्हा गजर. सव्वा तास लागला. पाठ दुखत होती, नाही कशाला म्हणा, पण घरात पाहुणा बसून असावा तशी, आणि त्याच्यासमोरच आपली कामं उरकावीत तशी ती दाढ तिनं पुरी केली. ताईनं दिवा मालवला आणि गवंडी गेल्यावर म्हणाली, "एकदाही वाकला नाहीत."

नवरा संध्याकाळी घ्यायला आला तेव्हा ती खाली दारातच भेटली. प्लॅस्टरच्या भुकटीचं पोतं आलं होतं, दहा किलोंचं. आणणाऱ्यानं ते नेहमीप्रमाणे वर दवाखान्यात न नेता जिन्याच्या पायथ्याशी टाकलं होतं. "आज महिनाअखेर," तो म्हणाला. "काय कळवू त्यांना?" "दुसरीकडे जागा बघा म्हणावं." "आणि पाठ?" "दुखतेय." ती पोत्यासमोर उभी राहिली. गेल्या आठवड्यात व्यायामवालीनं तिच्याकडून दहा किलो उचलून घेतले होते, सपाट जमिनीवर. जिन्यालाही परवानगी होती. दोन्ही एकदम करा असं मात्र कुणी म्हटलं नव्हतं. तिनं गुडघे मोडले, पोतं छातीशी ओढलं आणि उभी राहिली. त्याचे दोन्ही हात पुढे आले. तिनं मानेनंच नाही म्हटलं आणि पहिली पायरी चढली. दुसरी. तिसरी. सहाव्या पायरीवर कळ आली, डाव्या बाजूनं, ओळखीची, आणि ती थांबली. घाम कानामागून ओघळला. पोतं छातीवर धडधडत होतं की छाती पोत्यावर, तिला सांगता आलं नसतं. मागे, खाली, त्यानं श्वास घेतलेला तिला ऐकू आला. तो श्वास कशाचा असतो ते जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिनं वळून पाहिलं नाही.

"घाबर," ती म्हणाली. "हवं तेवढं घाबर. फक्त हाक मारू नकोस."

खाली काही हललं नाही. तिनं पोतं थोडं वर सरकवलं आणि सातव्या पायरीवर पाय ठेवला.